भिंतीकडं तोंड करून

त्या उन्हाळ्यात सगळं चितेगावच तहानलेलं होतं, त्यामुळं कचरूची तहान वेगळी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आदल्या साली पावसानं दगा दिला होता. विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या, जानेवारीत बोअर नुसती हवा ओकू लागले आणि गावात टँकर सुरू झाला. पैठण रस्त्याच्या कडेनं मात्र माणूस उभा मावेल एवढ्या तोंडाचे लोखंडी नळ लांबच्या लांब पडून होते. धरणाचं पाणी शहराला न्यायची नवी लाईन टाकायचं काम चालू होतं. शहर वाढत चाललं होतं आणि वाढत्या शहराला पाणी लागणारच होतं. त्या नळांच्याच एका यार्डाच्या फाटकावर कचरू राखणदार होता. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. डोक्यावर पत्रा, बुडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची आणि शेजारी पाण्याचा पाच लिटरचा कॅन. तो कॅन त्याला दुपारपर्यंतही पुरेना.

घरीही तीच गत. त्याची बायको सुगंधाबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. ती चार वाजता दमून घरी यायची आणि हंड्यात डोकावली की तिचं डोकं फिरायचं.

"अहो, टँकरचं पाणी हाय ते. दोन दिस पुरवायचंय. तुमी एकटेच निम्मा हंडा घशात ओतायलात."

"ऊन केवढं पडलंय बघ की," कचरू म्हणायचा आणि पुन्हा तांब्या बुडवायचा.

कचरूचं वय चोपन्न. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मताच उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नाव कचरू ठेवलं. बारशात नाव असं मिळालं तरी गडी पोलादासारखा निघाला. बापाची दीडशे मेंढरं त्यानं आणि त्याच्या थोरल्या भावानं, आप्पानं, वीस-पंचवीस वर्षं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठानं निघायचं ते मिरगाला माघारी यायचं. पायाला भिंगरी म्हणतात ती त्या दोघा भावांच्या पायाला होती. मग दोन हजार बाराच्या दुष्काळात चारा संपला आणि नंतर चरायला रानच उरलं नाही. जिथं मेंढरं बसवायची तिथं गोदामं उभी राहिली, प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली. कळप विकला, आप्पा हर्सूलला लेकाकडं राहायला गेला आणि कचरू खुर्चीवर बसला. बारा वर्षं बसला. बसून बसून त्याचं पोट एवढं सुटलं, की चपलेचा अंगठा बघायला त्याला वाकावं लागे.

फेब्रुवारीच्या शेवटी गावात तपासणीचं शिबिर लागलं. सत्यशीला नावाची एका संस्थेची कार्यकर्ती शहरातून स्कूटीवर यायची. पस्तिशीची, बोलायला मऊ पण कामाला कडक. कचरू सावली बघून मांडवात टेकला होता, तेवढ्यात तिनं त्याचंही बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला तीनशे बारा. तिनं दुसऱ्या बोटातून पुन्हा रक्त घेतलं. तेच.

"काका, तहान लई लागते का?"

"सगळ्या गावालाच लागते."

"गावाचं सोडा. तुमची सांगा. लघवीला किती येळा जाता? पाय बधिर होतात का?"

ती शिकलेली बाई आपल्या बोलीत विचारायला लागली तसं कचरू घाबरला. तिनं समजावून सांगितलं, गोळ्यांसाठी आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिली. तो चिठ्ठी घेऊन उठला, पण त्याच्या डोळ्यांपुढं चिठ्ठी नव्हती, आप्पा होता.

आप्पाच्या पायात गेल्या श्रावणात बाभळीचा काटा मोडला होता. काटा म्हणजे धनगराच्या पायाला नवल नाही. आप्पानं तो काढला, वर तंबाखू दाबली आणि विसरून गेला. दुखतच नव्हतं तर आठवण राहणार कशी? साखरेनं पाय कधीचे मुके झाले होते. महिन्याभरानं पाय काळा पडला तेव्हा शहरातल्या घाटी दवाखान्यात नेला, आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला म्हणून माणूस तरी वाचला. दवाखान्याच्या पायऱ्या आप्पाला पाठीवर घेऊन कचरूच चढला होता आणि उतरलाही होता. उतरताना ओझं हलकं लागलं, ते त्याला अजून सहन होत नव्हतं. चौथ्या दिवशी आप्पा म्हणाला होता, "कचरू, माझा उजवा अंगठा खाजवायलाय बघ, जरा खाजव." आणि कचरूनं नसलेल्या पायाच्या जागी चादर खाजवली होती.

तो मांडवात माघारी आला.

"ताई, नुसत्या गोळ्यांनी भागंल का?"

"नाही भागणार. चालणं पाहिजे, खाणं बदललं पाहिजे. सोमवारपासून समाजमंदिरात आमचं मंडळ सुरू होतंय. बारा आठवडे, रोज सकाळी सहा ते पावणेसात. व्यायाम, आणि शनिवारी खाण्यापिण्याचं."

"मग माझं नाव लिवा."

सत्यशीला अडखळली. "काका, ते बचत गटाच्या बायांचं आहे. पुरुषांचं मंडळ अजून नाही."

कचरू चिठ्ठी खिशात घालून निघून गेला. पण सोमवारी सहाला पाच कमी असताना तो समाजमंदिराच्या दारात उभा होता. अंगात ड्युटीचा निळा शर्ट, खाली पायजमा. आत बावीस बाया पदर खोचून उभ्या होत्या. त्याला बघून पदर पुन्हा डोक्यावर गेले. लक्ष्मीबाई त्या सगळ्यांत वयानं मोठी, साठी ओलांडलेली, आणि जिभेला हाड नसलेली. तिनं विचारलं, "काय रे कचरू? टँकर आला का?"

"नाय मावशी. कवायतीला आलो."

हॉलमध्ये हसू फुटलं. सत्यशीला लगबगीनं बाहेर आली आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, राग मानू नका. बायांना वाकावं लागतं, हात वर करावे लागतात. पुरुषमाणूस समोर असला की त्या आखडतात. कशाबशा यायला लागल्यात. तुम्ही तेवढाच वेळ रस्त्यानं चाला ना."

"एकटा चालीन म्हणलं तर चार दिस चालीन ताई. पाचव्या दिशी खुर्ची हायच." कचरूनं मान खाली घातली. "मेंढरू कळपात दहा कोस जातं. एकटं काढलं तर हालत नाय. माझं बी तसंच हाय बघा."

"पण काका..."

"मी आत येतच नाय. त्या खिडकीच्या भाईर उभा राहतो. तोंड शाळेच्या भिंतीकडं, पाठ तुमच्याकडं. काय करायचं ते तुमी तोंडानं सांगा, मी ऐकून करतो. मागं वळून बघितलं तर मावशीला सांगा, चप्पल काढून हाणा म्हणावं."

सत्यशीलानं आत जाऊन बायांना विचारलं. कुजबुज झाली. मग लक्ष्मीबाईचा आवाज आला, "उभं राहू द्या. चप्पल माझ्यापाशीच हाय."

अशी कचरूची कवायत सुरू झाली. समाजमंदिराची खिडकी आणि शाळेची भिंत यांच्यामध्ये चार हात जागा होती. तिथं तो भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा आणि आतून येईल तो हुकूम पाळायचा. हात वर. कमरेतून उजवीकडं. जागच्या जागी चाला. गुडघे वाकवून अर्धं बसा, उठा. पहिल्या दिवशी आठव्या उठबशीला त्याच्या मांड्या लटपटल्या आणि त्यानं भिंतीला हात टेकला. दहा कोस चालणाऱ्या माणसाला आठ उठबशा जड झाल्या, याची त्याला एवढी लाज वाटली, की बरं झालं आपल्याला कुणी बघत नाही, असंच त्याच्या मनात आलं.

पण गावात गोष्ट लपते होय? यार्डाच्या फाटकासमोर बद्रीनाथचं चहाचं हॉटेल होतं. बद्रीनाथ कचरूच्याच वयाचा, लंगोटीयार. त्या दिवशी कचरू चहाला गेला तेव्हा बाकड्यावर पाच-सहा जण बसले होते.

"या या! कचऱ्या, फुगडी जमली का नाय?" बद्रीनाथनं विचारलं आणि सगळी बाकडी हसली.

"जमायलीय. एक च्या दे, बिनसाखरेचा."

"बिनसाखरेचा? त्याला च्या म्हणत्यात होय? कडूनिंबाचं पाणी दे म्हण की."

"तेच दे."

कचरूनं तो कडवट चहा तोंड वाकडं करत संपवला. आधी तो दिवसाकाठी आठ कट घ्यायचा, आठही साखरेनं गच्च, वर खारी नाहीतर फरसाण. पहिल्या आठवड्यात त्यानं आठाचे चार केले, दुसऱ्यात दोन. डोकं दुखलं, चिडचिड झाली, फाटकावरच्या ट्रकवाल्यांशी त्यानं उगाच भांडणं काढली. पण साखरेचा चहा काही त्यानं मागितला नाही.

सुगंधाबाईच्या कानावर ही गोष्ट कँटीनमध्ये गेली. घरी आली ती धुसफुसतच.

"पोळ्या लाटायले तर तिथं बी तेच. तुझा नवरा बायांत नाचायला जातो म्हणं. खाली मान घालून आले मी. जावायाला कळलं तर काय म्हणंल?"

"जे म्हणायचं ते म्हणू दे."

"तुमाला काय वाटत नाय का?"

"वाटतं की. रोज वाटतं." कचरू चपला काढता काढता थांबला. "पण तुझी मान खाली गेली तर चार दिसांनी वर होईल. माझा पाय गेला तर येईल का माघारी?"

सुगंधाबाई ताट वाढायला उठली. त्या दिवशी ताटात भात मात्र नेहमीइतकाच आला. डोंगरासारखा. कचरूनं निम्मा काढून ठेवला. तिनं तो तसाच पुन्हा वाढला. त्यानं पुन्हा काढला. असा मुकाट्यानं तीन आठवडे भात इकडून तिकडं होत राहिला.

शनिवारचं खाण्याचं शिकवणंही कचरू खिडकीबाहेरूनच ऐके. सत्यशीलानं ताटाचं चित्र आणलं होतं. अर्धं ताट भाजी, पाव भाकरी, पाव डाळ. लक्ष्मीबाईनं ते चित्र बघून विचारलं, "बाई, प्यायला पाणी नाय अन् हिरवीगार पालेभाजी कुठनं आणू? पैठणच्या बागंतून?" सत्यशीला ओशाळली. पण पुढच्या शनिवारी ती चित्र न आणता पिशवी घेऊन आली. मोड आलेली मटकी, शेवग्याच्या शेंगा, हरभऱ्याचा वाळवलेला पाला. "दुष्काळात तुमच्या घरी जे असतं त्यातूनच ताट भरू," ती म्हणाली. कचरूला ती बाई तेव्हापासून जास्त आवडायला लागली. चुकलं तर बदलते, म्हणजे शिकवायला लायक.

चौथ्या आठवड्यात होळी आली आणि कचरू घसरला. सुगंधाबाईनं पुरण घातलं. लेक, जावई, नातवंडं आली. पहिली पोळी त्यानं चवीपुरती घेतली. दुसरी जावयाच्या आग्रहानं. तिसरीला तूप होतं, चौथीला गुळवणी, आणि पाचवी कुणी वाढली तेही त्याला कळलं नाही. रंगपंचमीच्या शनिवारी बोटं टोचायची होती. खिडकीतून त्यानं हात आत दिला. दोनशे तीसवर उतरलेली साखर पुन्हा दोनशे नव्वद.

"पाच पुरणपोळ्या," सत्यशीलानं विचारायच्या आत तो म्हणाला.

"एकदम पाच?"

"सुरुवात एकीनंच झाली होती."

ती हसली नाही. तिनं आकडा लिहिला आणि म्हणाली, "लपवलं नाही ते बरं केलं. सोमवारी या."

कचरूनं घरी येऊन तो आकडा सुगंधाबाईला सांगितला. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "चौथी अन् पाचवी मीच वाढली. सणासुदीला नवऱ्याला उपाशी कसं ठेवायचं, असं वाटलं मला." त्या संध्याकाळी तिनं ज्वारीची एक भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर डाळ एवढंच वाढलं, भाताचं पातेलं झाकून लांब ठेवलं, आणि स्वतःच्या ताटातही तेच घेतलं. भाताची ओढाताण त्या दिवशी संपली.

एप्रिल लागला तसा दुष्काळानं फास आवळला. टँकर भरायची विहीर आटली. आता तो लांबून भरून यायचा, म्हणून त्याची गावातली पहिली खेप बरोबर सकाळी सहाला मारुतीच्या देवळापुढं यायला लागली. ऐन कवायतीच्या वेळी. टँकर आला की पाण्याला जायचं बाईनंच, हा गावचा रिवाज. मंडळात बावीसच्या बारा झाल्या, बाराच्या पाच. एका सोमवारी आत फक्त तिघी होत्या आणि बाहेर कचरू.

सत्यशीला त्या दिवशी व्यायाम संपवून खिडकीपाशी आली. "काका, वाईट वाटतं सांगायला. सलग दोन आठवडे पंधराच्या खाली हजेरी गेली तर संस्था केंद्र दुसऱ्या गावाला हलवते. तिथंही लोक वाट बघतायत."

"वेळ बदला मग."

"सातला माझं दुसरं गाव असतं. आणि टँकरची वेळ तर माझ्या हातात नाही."

कचरू यार्डावर गेला आणि दिवसभर खुर्चीत विचार करत बसला. संध्याकाळी तो लक्ष्मीबाईच्या ओट्यावर गेला. "मावशी, बायांना सांग, हंडे अन् ड्रम रातच्यालाच देवळापुढं रांगेत लावून ठेवा. सकाळी मी भरून ठेवतो. एकेकीचं नाव घालून ठेवा म्हणजे झालं."

"बावीस घरांचं पाणी तू भरणार?"

"नळी धरायला किती अक्कल लागते?"

दुसऱ्या दिवशी देवळापुढं हंड्यांची, कॅनची, निळ्या ड्रमांची रांग लागली. खडूनं, रंगानं नावं लिहिलेली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चिंध्या बांधल्या होत्या, लाल, पिवळ्या. टँकर आला तशी बाकीच्या घरांची झुंबड उडाली, पण कचरू मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभा राहावा तसा हात पसरून रांगेपुढं उभा राहिला. "वळीनं! वळीनं घ्या!" एक हंडा भरला की दुसरा. समाजमंदिरातून सत्यशीलाचे आकडे ऐकू येत होते, सोळा, सतरा, अठरा, आणि त्याच्या हातात नळी होती. पावणेसातला बाया आल्या आणि भरलेले हंडे उचलून गेल्या. हजेरी एकोणीस लागली.

मंडळ तरलं. आठवडा गेला, दीड आठवडा गेला. फक्त कचरूची कवायत बंद झाली. पाणी भरून होईतो मंडळाची वेळ संपून जायची. हंडे उचलतो म्हणजे व्यायाम होतोच, अशी तो स्वतःची समजूत घाली. नवव्या आठवड्याच्या शनिवारी बोट टोचलं तेव्हा एकशे शहाऐंशीवर आलेली साखर दोनशे चाळीस निघाली.

"हंड्याजवळ उभं राहणं आणि अर्धा तास सलग श्वास लागेस्तोवर हलणं, हे एक नाही काका," सत्यशीला म्हणाली. "तुम्ही किती दिवस आला नाहीत माहीत आहे का? अकरा."

लक्ष्मीबाई मागंच उभी होती. "म्हणजे आमची साखर उतरायलीय अन् याची चढायलीय?" तिनं यंत्रावरचा आकडा वाचायचा प्रयत्न केला, जमला नाही, तशी ती कचरूवरच उखडली. "तुला कुणी सांगितलं होतं रे आमच्यासाठी मरायला? आमचे दादले काय करत्यात सकाळी सहाला? अं?"

"चहा पीत असतील," कोणीतरी म्हणालं.

"चल माझ्याबरोबर."

ती त्याला तशीच घेऊन बद्रीनाथच्या हॉटेलावर गेली. बाकडी भरलेली होती. बाईमाणूस हॉटेलात आलेलं बघून सगळे जरा सावरून बसले. लक्ष्मीबाई तोंड उघडणार तेवढ्यात कचरूनंच तिला थांबवलं. आपलं दुखणं दुसऱ्यानं मांडायचं, हे त्याला पटेना.

"मावशी, मी बोलतो."

इतके दिवस या बाकड्यांवर तो हसण्यावारी नेत आला होता. चहाची सोडून साखर हा शब्दही त्यानं इथं कधी काढला नव्हता.

"माझी साखर तीनशे बारा निघाली होती," तो शेवटी म्हणाला. "पोट कमी करायला म्हून नाय गेलो मी तिथं. भेऊन गेलो. आमच्या आप्पाला तुमी सगळे वळखता. काटा मोडला तर त्याला दुखलं नाय. दुखलं नाय म्हून त्यानं दाखवलं नाय. मी त्याला पाठीवर घेऊन वर गेलो तवा दोन पाय होते, खाली आणला तवा एक." कोणी हसत नव्हतं. "आता बायांसाठी टँकरवर उभा राहतो तर माझी पुन्हा चढली. तुमच्याच घरचे हंडे भरायलो मी. रोज दोघं दोघं या. आठ जण मिळाले तरी आठवड्यातनं एकदा-दोनदाच येतं वाटणीला. मला माझ्या जागी उभं राहू द्या. एवढंच मागायलो."

"हंडे भरायचे? गड्यानं?" बाकड्यावरून कोणीतरी पुटपुटलं.

"पाणी पितोस का नाय?" लक्ष्मीबाई गरजली. "गडी म्हून पितोस का बाई म्हून?"

तिथं लगेच कोणी हो म्हणालं नाही. एक-दोघं पैसे ठेवून निघून गेले. कचरू फाटकावर जाऊन बसला. आपण सगळ्यांपुढं उघडे पडलो आणि हाती काही लागलं नाही, असं त्याला वाटत होतं. दुपारच्याला ऊन कलल्यावर बद्रीनाथ स्वतः चहाचा ग्लास घेऊन आला. बिनसाखरेचा. आणि जायचं सोडून तिथंच घुटमळला.

"कचऱ्या, एक विचारू का? माझ्या बी तळपायाला मुंग्या येत्यात. झिणझिण. ते काय त्यातलंच असतं का?"

"कधीपासून?"

"झालं असंल साल-दीड साल. बोललो नाय कुणाला."

"फुडल्या शनवारी बोट टोचून घे."

"शनवारपतोर थांबावं का?"

बद्रीनाथच्या डोळ्यांत तीच भीती होती, जी कचरूनं मांडवातून उठताना अनुभवली होती. "परवा सोमवारी येतो मी तुझ्याबरोबर, आरोग्य केंद्रात," तो म्हणाला. "अर्ध्या दिसाची रजा टाकतो."

बद्रीनाथची साखर दोनशे साठ निघाली. ज्या माणसानं गावाला गोड चहा पाजला त्याचीच ही गत, म्हटल्यावर बातमी वणव्यासारखी पसरली. त्याच्या पुढच्या सोमवारी टँकरवर नळी धरायला दोन गडी आले, तेही फडकं तोंडाला बांधून, जणू चोरी करायला आलेत. मंगळवारी फडकं नव्हतं. आठाचे सहाच मिळाले, त्यातला एक चौथ्या दिवशी पळाला, पण उरलेल्यांनी वेळ निभावून नेली. आणि खिडकीमागच्या चार हात जागेत कचरूच्या शेजारी बद्रीनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सहाव्या उठबशीला तो "मेलो रे" म्हणून खाली बसला, आतून बायांचं हसू आलं, आणि कचरू म्हणाला, "मी आठव्याला बसलो होतो. ऊठ."

शेवटच्या आठवड्यापर्यंत भिंतीपाशी पाच गडी झाले होते.

मेच्या अखेरीस बारा आठवडे भरले. शेवटच्या शनिवारी सगळ्यांची वजनं झाली, आणि आधीच दिलेल्या रक्तावरून तीन महिन्यांची साखर किती राहिली त्याचा कागद आला. कचरूचं वजन चौऱ्याऐंशीवरून अठ्ठ्याहत्तर झालं होतं. उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठेचाळीस. सत्यशीलानं टाळ्या वाजवल्या, बायांनीही वाजवल्या.

"म्हणजे गोळ्या बंद?" कचरूनं विचारलं. तीन महिने तो याच एका शब्दाची वाट बघत होता.

"नाही काका. डॉक्टरांना दाखवलं मी. अजून गोळी चालू ठेवावी लागेल. कमी होईल पुढं, कदाचित. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेदहा टक्क्यांवरून आठवर आली, पण सातच्या आत यायला पाहिजे."

कचरूचा चेहरा उतरला. एवढं सगळं केलं, हसं करून घेतलं, सण सोडला, आणि गोळी तशीच. तो खिडकीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. सुगंधाबाई त्या दिवशी कागद ऐकायला म्हणून मुद्दाम आली होती. तिनं विचारलं, "बाई, आठाचं सात व्हायला किती दिस लागत्यात?"

"असंच चालू ठेवलं तर आणखी तीन-चार महिने."

"मग लिवा की यांचं नाव फुडल्या बारा आठवड्याला," सुगंधाबाई म्हणाली.

सत्यशीलानं रजिस्टर मिटलं. तेच तर सांगायचं राहिलं होतं. संस्थेची मुदत संपली. सोमवारपासून ती पलीकडच्या गावात जाणार होती. महिन्यातून एकदा बोटं टोचायला येईल, पण रोजचं आता जमणार नव्हतं.

लक्ष्मीबाईनं पदर खोचला. "आकडे तर मला बी येत्यात. वीसपतोर," ती म्हणाली.

"व्यायाम कोणता, कशानंतर कोणता, ते?" सत्यशीलानं विचारलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग कचरूनं सांगायला सुरुवात केली. आधी हात वर, मग मान, मग कमरेतून उजवी, डावी, मग जागच्या जागी दोनशे पावलं, मग गुडघे. एकही न चुकता, शेवटच्या लांब श्वासापर्यंत. बारा आठवडे त्यानं डोळ्यांनी काहीच बघितलं नव्हतं. आत बायांनी बघून केलं होतं, त्यानं ऐकून केलं होतं, आणि त्यामुळं ते सगळं त्याच्या तोंडात बसलं होतं.

सत्यशीलानं समाजमंदिराची किल्ली पर्समधून काढली. लक्ष्मीबाईकडं बघितलं, कचरूकडं बघितलं आणि किल्ली सुगंधाबाईच्या हातावर ठेवली. "घरात दोघं आहात. एक विसरलं तर दुसरं उठवेल."

सोमवारी आभाळ कोरडंच होतं. टँकर देवळापुढं येऊन लागला, नळीवर बद्रीनाथच्या बाकड्यावरचा रामकिसन आणि आणखी एक जण होता. सुगंधाबाईनं कँटीनची पाळी तासभर पुढं ढकलून घेतली होती. तिनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि खिडक्या उघडल्या. अकरा बाया आल्या, मग आणखी चार. बाहेर चार गडी. बद्रीनाथला उशीर झाला होता, तो पळत येत होता.

"पंधरा झाल्या का?" कचरूनं बाहेरून विचारलं.

"मी सोळावी," सुगंधाबाई म्हणाली आणि लक्ष्मीबाईच्या मागं जाऊन उभी राहिली.

"मग करा सुरू," कचरू म्हणाला. "हात वर."

"एक," लक्ष्मीबाईनं आवाज दिला.